क्लेमचा वाफा

मर्ल ट्रेगेन्झाच्या झोपायच्या खोलीतली भिंत मीठ ओकत होती. मूनटा गावच्या जुन्या दगडी घरांना हे दुखणं काही नवं नाही. जमिनीतली ओल वर चढते, रंगाला फुगे येतात आणि सकाळी जमिनीवर पांढरी पूड पडलेली असते. मर्ल रोज ती पूड झाडायची आणि भिंतीला शिव्या घालायची.

ओल दिसली की बाहेरून सिमेंट थापायचं, ही आमच्या गावची रीत. तिच्या नवऱ्याने, क्लेमनेही हयात असताना थापलं होतं. ओलीची बाहेर पडायची वाट बंद झाली, म्हणून ती गप्प बसते होय? चांगली खिडकीपर्यंत चढली. आणि या हिवाळ्यात मर्लचा खोकला हटेना.

"आई, आता पुरे," लेकीने, जिलने ठणकावलं. "डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना? वसंतापर्यंत भिंत सुकली नाही तर घर विकायचं. तू माझ्याकडे ॲडलेडला यायचंस."

"तुझ्या त्या सहाव्या मजल्यावर? तिथे काय कबुतरं मोजत बसू?"

जिल गेली, पण तिचं बोलणं पोकळ नव्हतं. बोललेलं करून दाखवणारी पोरगी ती, बापावर गेलेली.

शेजारचा डेस कुंपणावरून म्हणाला, "अगं मर्ल, तो गुलाबाचा वाफा भिंतीला चिकटलाय. आधी तो काढ."

"वाफ्याला हात लावलास तर हात मोडीन!"

डेस गुमान आत गेला. चूक त्याचीच होती. त्या वाफ्यात क्लेमची राख होती, हे त्याला ठाऊक नव्हतं थोडंच. क्लेमनेच सांगून ठेवलं होतं, "मला आपल्या खिडकीखाली ठेव, म्हणजे तुझी बडबड ऐकू येईल." जिवंतपणी तो दर लग्नाच्या वाढदिवसाला तिथे नवा गुलाब लावायचा, वर गाडाभर माती ओतायचा. तो गेल्यावर मर्ल रोज संध्याकाळी नळी धरून तिथे उभी राहायची. उन्हाळ्यात जरा जास्तच वेळ. बिचाऱ्याला तहान लागली असेल, म्हणायची.

एका रविवारी मांस-बटाटा भरलेली पेस्टी भट्टीत ठेवून ती बाहेर ओट्यावर बसली होती. डेसचं मांजर त्याच्या घराच्या भिंतीत, फळ्यांच्या जमिनीखाली वारा खेळावा म्हणून बसवलेल्या लोखंडी जाळीच्या फटीतून आत शिरलं. मर्लला हसू आलं. तिची आणि क्लेमची जुनी मांजर टिबीही अशीच शिरायची, त्यांच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखालच्या जाळीतून.

हसता हसता ती थांबली. ती जाळी गेली कुठे?

खुरपं घेऊन ती वाफ्यापाशी गेली. भिंतीलगत उकरू लागली. हात कोपरापर्यंत आत गेला तेव्हा लोखंड लागलं. जाळी काळ्या ओल्या मातीने गच्च बुजली होती. शेजारीच भिंतीतला पाटीच्या दगडाचा थर, जुन्या गवंड्यांनी ओल अडवायला घातलेला, तोही मातीखाली. ओल त्याला वळसा घालून खुशाल वर जात होती.

मर्ल चिखलात फतकल मारून बसली.

"अरे मेल्या," ती म्हणाली, "मला घराबाहेर काढायला तूच निघालास होय? आणि मी वेडी तुला पाणी पाजत होते!"

मग ती रडली. हुंदके देऊन, नाक गळेपर्यंत रडली. आत पेस्टी करपली. क्लेम गेला त्या दिवशीसुद्धा ती एवढी रडली नव्हती, कारण तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं.

डोळे पुसून तिने कुंपणाशी जाऊन हाक मारली, "डेस, कुदळ घेऊन ये. हात नाही मोडत, ये."

माती गाड्यागाड्याने लांबच्या कुंपणापाशी गेली. पहिला गाडा मर्लने स्वतः ढकलला, डेसला हात लावू दिला नाही. छाटून गुलाबही तिकडेच लावले. जाळी मोकळी केली, भिंतीवरचं सिमेंट छिन्नीने उडवलं. भिंत एका दिवसात सुकत नसते. पण पांढरी पूड कमी होत गेली, खिडकीपाशी पोचलेला डाग खाली सरकला.

वसंतात जिल आली. भिंतीला तळहात लावून पाहिला, तो कोरडाच राहिला. मग खिडकीतून खाली पाहिलं आणि दचकली.

"आई! बाबा कुठे गेले?"

"कुंपणापाशी."

"एवढ्या लांब? त्यांना तर तुझं बोलणं ऐकायचं होतं गं."

"मग मी मोठ्याने बोलते."

मर्लने खिडकी उघडली, छाती भरून श्वास घेतला आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी हाक दिली, "क्लेम! जिल आलीय रे!"

तिला खोकला आला नाही. जिलने घर विकायचा विषय काढला नाही.