आप्पांची चुकलेली शिवराई

ये, अशी जवळ बस. काल चारचौघींत तू शिवराईआप्पांना भांडखोर म्हणालीस, ते मला मुळीच आवडलं न्हाय. होते भांडखोर. पण कुणाशी भांडले, ठाऊक हाय तुला?

निपाणीला आमच्या समोरच्या घरात आप्पा एकटेच राहायचे. तंबाखूच्या वखारीत तोलणारे. जुनं तांब्याचं नाणं हाती आलं की आधी त्याचा वास घेत, मग अंगठा फिरवून सांगत, "ही छत्रपतींची शिवराई. ही मागनं पेशव्यांच्या काळात पाडलेली." लोक असली नाणी मोडीत घालायचे. आप्पा तुटून पडत, "राज्य गेलं, आता त्याची खूणबी वितळवताय व्हय रं?"

त्यांची एक शिवराई टाकसाळीतच चुकलेली. एका बाजूला अक्षरं वर उठलेली, दुसऱ्या बाजूला तीच अक्षरं उलटी, आत खचलेली. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं की तसं होतं म्हणे. "सरळ नाणी पोत्यानं मिळतील. चुकलेलंच मोलाचं," म्हणायचे.

तोवर त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ती शिवराई विकून मिरजेला ऑपरेशन करायचं ठरलं. बेळगावचा एक नाणी जमवणारा सावकार बघायला येणार होता. पाहुणा येणार म्हणून मी, बारा वर्षांची शहाणी, काय केलं? देवाची भांडी घासतात तशी चिंच-राख लावून शिवराई लखलखीत केली!

सावकारानं कपाळाला आठ्या घातल्या. "जुना काळपट रंगच घालवलास की गं. आता हे नुसतं बटण. दोन रुपये देतो, पोरीच्या खाऊला." आणि बोलता बोलता नाणं खिशात टाकलं.

आप्पांनी त्याचं मनगट धरलं. "बटण हाय तर खिशात कशापायी? घासून रंग जातोय, टाकसाळीची चूक जाते व्हय?" राग अनावर झाला की ते कानडीवर जायचे. नाणं हिसकावून घेत गरजले, "नडी! चालता हो!"

दारातल्या बायका मला हसल्या, तर त्यांच्यावर ओरडले, "पोरीनं पाहुण्याचा मान राखला. तुमी काय केलंसा?"

मला मात्र एक शब्द बोलले न्हाईत. त्याचाच मला अजून संताप येतो. दोन थोबाडीत ठेवून द्यायच्या होत्या! आणि पुन्हा कुणाला नाणं दाखवलंच न्हाय. ही कसली ऐट? त्या ऐटीनं डोळे खाल्ले त्यांचे. आणि तो सावकार! मोल पुरतं ओळखून होता मेला. आजही आठवला की माझ्या मुठी वळतात.

लग्न होऊन मी बेळगावला निघाले, तेव्हा आप्पा काठी टेकत मोटार सुटते तिथवर आले. शिवराई माझ्या हातात कोंबली. दोन मोटारी शेजारी उभ्या होत्या. कोल्हापूरची आधी सुटली. तिच्या धुरळ्याकडं तोंड करून आप्पा हात हलवत राहिले. मी त्यांच्या पाठीमागं, बेळगावच्या मोटारीत. हाका मारल्या, पण इंजिनापुढं कोण ऐकतंय? त्यांचा आवाज तेवढा मला ऐकू येत होता, "पोरी, लवकर भेटाय ये गं!"