खांदे वाचणारे गृहस्थ

ज्या एका संवादासाठी अनुवादक म्हणून माझं कौतुक झालं, तो मला सुचलाच नव्हता. हे मी बारा वर्षं लपवलं.

शालिमार चौकाजवळ एक झेरॉक्सवाले होते. फ्रेंच चित्रकथांच्या प्रती त्यांच्याकडून काढून, संवादांचे फुगे पांढरे करून मी त्यांत इंग्रजी लिहीत असे. त्यांना दोन्हींपैकी एकही भाषा येत नसे. पण प्रत्येक प्रत उजेडाकडे धरून ते चित्र निरखत. एकदा चित्रातल्या बाईच्या तोंडी मी लिहिलेल्या ओळीचा अर्थ ऐकून म्हणाले, "साहेब, ही बाई भांडतेय कुठं? दमलीय हो ती. खांदे बघा की."

मी संवाद बदलला. संपादकांनी तो वाखाणला, तेव्हा मी नुसते आभार मानले.

परवा झेरॉक्सच्या यंत्राशी त्यांचेच खांदे तसे उतरलेले दिसले. मी म्हणालो, "त्या दमलेल्या बाईचं वाचन तुमचं होतं. श्रेय मी घेतलं. मला माफ करा."