ताबा सोडायचा नाही

वकिली सोडून बरीच वर्षं झाली. तरी चार माणसं पानसुपारीला बसली की कुणीतरी विचारतंच, "वकीलसाहेब, कामठ्याच्या डोमाजीचं सांगा ना!" एकाच अशिलाचे इतके किस्से कसे साठतात? त्याला कायद्याचा एकेक शब्द समजावून सांगा, आपोआप साठतात!

डोमाजीची धानाची एकच बांधी. शेजारच्या सुखरामनं मधला धुरा, म्हणजे बांध, सरकवून पट्टी दाबली, नेमकी पाणी धरणारी. डोमाजीनं चिडून त्याच पट्टीत रोवणी केली, आणि मी गोंदियाच्या कोर्टात दावा लावला.

*

म्हटलं, "साक्षीदार आणा. ज्यानं धुरा सरकवताना डोळ्यांनी पाहिलं, तो साक्षीदार."

पुढच्या तारखेला डोमाजी साक्षीदार घेऊन हजर. कोण? सुखराम!

"अहो, हा तर प्रतिवादी!"

"मंग? तवा दुसरं कोनी नोहतंच जी तिथं."

वर दोघं एकाच बैलबंडीतून आलेले. मी कपाळावर हात मारला.

*

मग शपथ समजावली. "शपथ घेतली की विचारतील ते खरंच सांगायचं."

समोरच्या वकिलानं सहज विचारलं, "हा धुरा आधी कधी हलला होता?"

"हो जी. माह्या बापानं हातभर सुखरामच्या बांधीत सरकवला होता."

मुन्सफसाहेबांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. बाहेर येऊन मी असा ओरडलो की पक्षकार गोळा झाले. डोमाजी शांत.

"काऊन रागावून राहिले जी? खोटं सांगाचं होतं त शपथ कायले देल्ली?"

*

"ताबा म्हंजे काय जी?" त्यानं एकदा विचारलं.

"जमीन आपल्या हातात असणं. पट्टी सोडू नका, एवढं लक्षात ठेवा!"

शेवटच्या तारखेला साहेबांना दोघांना समोरासमोर विचारायचं होतं. डोमाजी नाही! साहेब कडाडले, "संध्याकाळपर्यंत आला नाही, तर दावा खारीज!"

मी तणतणत टांगा केला. समोरचा वकीलही धावत येऊन चढला. त्याचाही अशील बेपत्ता!

कामठ्याला पोचलो. पट्टीच्या एका टोकाला डोमाजी, दुसऱ्या टोकाला सुखराम, मधे पेजेचं एकच गाडगं.

"डोमाजी, उठा! पट्टी जाईल तुमची!"

"तुमीच त सांगतलं जी, सोडाची नाई. मी उठलो का हा पसरन."

तिकडून सुखराम, "मले बी माह्या वकिलानं हेच सांगतलं!"

"मग आता करायचं काय?" मी किंचाळलो.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. डोमाजीनं गाडगं आमच्या पुढ्यात सरकवलं.

"तुमी दोघं बसा जी पट्टीवर. आमी येतो कोरटातून."