काकींची कोरडी खोली

जुलैची नऊ तारीख. पडवीत बसून मी चुनकळी निवडत होते. भुकटी झालेली एकीकडे, घट्ट खडे टोपलीत. तेवढ्यात कोळीणवाड्यातली पार्वती आली. इरलं काढून भिंतीला टेकवलं आणि उभ्यानंच विचारलं, "यंदा खोली उघडतली काय नाय? होड्यो वर काढून म्हयनो झालो. आता आमी काय करूचा?"

मी म्हटलं, "उद्या सांगते." खोली काकींची होती आणि काकींना जाऊन महिना होत आला होता. सकाळी चहा घेतला, दुपारी छातीत कळ आली, वेंगुर्ल्याला नेईपर्यंत सगळं संपलं... मी धाकटी जाऊ. सासरी आल्यापासून त्यांच्या हाताखाली वावरले. गावानं त्यांना काकी म्हटलं म्हणून मीही काकीच म्हणत आले.

थोरले दीर मुंबईच्या गिरणीत होते तेव्हा काकी चाळीतल्या शेजारणीकडून ठशांची छपाई शिकल्या. दीर आजारी पडून शिरोड्याला परतले, तेव्हा काकींच्या ट्रंकेत भांड्यांपेक्षा ठसेच जास्त. मागच्या खोलीत त्यांनी बाळांच्या झबल्यांवर आणि टोपड्यांवर छपाई सुरू केली. पहिल्याच पावसाळ्यात ती अंगाशी आली. समुद्र हाकेवर, हवा नुसती ओली. ओलीत रंग पसरून छापलेला मोर दुसऱ्या दिवशी कोंबडी दिसायचा. वेंगुर्ल्याच्या दुकानदारानं गठ्ठा परत पाठवला. काकी रडल्याबिडल्या नाहीत. गठ्ठा उलगडून बसल्या आणि म्हणाल्या, "रंगाचा काय चुकला नाय गो. खोलीचा चुकला."

मग त्या खोलीच्या मागे लागल्या. समुद्राकडची खिडकी चिरे लावून बुजवली. कोपऱ्यांत चुनकळीच्या टोपल्या ठेवल्या, कारण कळी हवेतली ओल ओढून घेते. सकाळी करवंटीच्या कोळशांची शेगडी पेटवून खोली तापवायची आणि बायका कामाला बसायच्या आत निखारे बाहेर. जास्त तापलं तरी पंचाईत, रंग कापडावर उतरण्याआधी ठशावरच वाळतो. म्हणून मे महिन्यात उलटा कारभार... दाराला ओले गोणपाट. पाऊस की ऊन, कामाचा निवाडा करायचं ते बशीतलं जाडं मीठ. मिठाला पाणी सुटलं की ठसे खाली, काम बंद. त्यात कुणाची गय नाही, घाई कितीही असो.

पावसात मासेमारी बंद, म्हणून पार्वती धरून चार कोळणी आमच्याकडे यायच्या. त्यांची चूल त्या महिन्यांत या खोलीवरच पेटायची. एका वर्षी चतुर्थीच्या आधी त्याच दुकानदाराची मोठी मागणी आली. परत गठ्ठा आला असता तर त्यानं आमचं तोंड पाहिलं नसतं. छपाई झाली. मोर मोरच राहिले. मी घड्या घालायला घेतल्या आणि पहिलंच झबलं नाकाशी नेलं... सुकटीचा घमघमाट. शोधलं तर फळीमागे पार्वतीची सुकटीची मडकी.

"गावात दुसरी सुकी जागा खंय आसा, सांगा बघया," पार्वती म्हणाली. "माजी सुकट घरात बुरसता."

काकी म्हणाल्या, "गो पार्वत्ये, ही झबली पोरांक घालूची आसत. माशाच्या तिकल्यात नाय."

बाकीच्या हसत सुटल्या. पार्वतीच्या डोळ्यांत मात्र पाणी, कारण उद्या काम गेलं तर चौघींचंही जाणार हे तिला कळत होतं. धुवायची सोय नव्हती, रंग अजून बसला नव्हता. काकींनी एक झबलं हुंगून पाहिलं. मग मला म्हणाल्या, "ओवो हाड. वावडिंग हाड. लसणीची सालां पण." मी ते सगळं आणून दिलं आणि बाळंतिणीच्या खोलीत देतो तशी धुरी त्यांनी झबल्यांना दिली. आम्ही आळीपाळीनं झबली हलवत होतो, खोकत होतो.

गठ्ठा घेऊन आम्ही दोघी वेंगुर्ल्याला गेलो. दुकानदारानं झबलं उचललं, हुंगलं. मग विचारलं, "आधीच धुरी दिलीत की काय?"

काकी शहरी मराठीत उतरल्या. "हो. आमच्याकडे देतात."

त्यानं आणखी एकदा हुंगलं आणि पुढच्या खेपेलाही तशीच द्या म्हणाला. घरी आल्यावर पार्वतीची मडकी काकींनी आमच्या चुलीवरच्या माळ्यावर चढवली. पुढे दर वर्षी ती तिथंच असायची.

नऊ तारखेला पार्वती घरी परतल्यावर मी हे सगळं आठवत बसले होते. काकी कधी आवाज चढवून बोलल्या नाहीत, तरी चौघी ऐकायच्या. मला छपाई येते, शेगडी येते, मीठही वाचता येतं. पण ओल्या दिवशी चार बायकांना "आज काम नाय" सांगायचं आणि त्यांनी ते ऐकायचं, हे माझ्याच्यानं होईल का, इतकाच प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेगडी पेटवली आणि पार्वतीला निरोप धाडला. चौघी आल्या. भिजलेलं लुगडं नेसून आत जायचं नाही, दारालगतच्या खुंटीवरचं कोरडं नेसायचं, हा काकींचा नियम. माझं खुंटीवरचं लुगडं मी आदल्या दिवशी धुतलं होतं, ते वाळलंच नव्हतं. शेजारच्या खुंटीवर काकींचं होतं, निळ्या काठाचं, घडी न मोडलेलं. चौघी माझ्याकडे बघत उभ्या होत्या. मी ते काढलं, नेसले आणि निखारे बाहेर नेले.