भावाचे दात, माझ्या हिरड्या

नेरजवळच्या एका गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवत होते. कापसाची ती वाईट वर्षं होती, कर्जापायी शेतकरी जीव देत होते. वर्गातलं एखादं मूल आठवडाभर यायचं नाही आणि का ते विचारायला जीभ रेटायची नाही. अशातच एकदा मधल्या सुट्टीत पेरू खाताना चावलेल्या फोडीवर मला रक्त दिसलं. वाटलं, बी रुतली असेल. पण दुसऱ्या दिवशी दात घासतानाही थुंकी लालच. काही महिन्यांत खालचे पुढचे दोन दात जिभेनं ढकलले की हलायला लागले.

मला काही समजेना. दात कसे घासायचे हे मीच दरवर्षी तिसरीच्या मुलांना फळ्यावर चित्र काढून शिकवत होते. घरीही सकाळ-संध्याकाळ ब्रश चुकत नव्हता. आणि माझा धाकटा भाऊ! तो मेटाडोर चालवायचा, खेड्यांतला कापूस जिनिंगवर नेऊन टाकायचा. दिवसभर त्याच्या गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा. ब्रश हातात घेतला तर घेतला. तो उसाचं कांडं दातांनी सोलायचा आणि मला हसायचा.

"ताई, तू लय घासतं, म्हणून हालून राह्यले तुये दात."

आईचं म्हणणं वेगळंच. तिच्या तोंडात चाळिशीतच एकही दात उरला नव्हता. भाकर वरणात कुस्करून ती हिरड्यांनीच खायची. "मायेबी असेच गेले," ती म्हणाली. "बाळंतपणात गेले. तुलेबी एक पोरगी झाली, मंग दात जातीलच ना."

माझी हिरडी सुजली तेव्हा तिनं शेजारच्या गावातून दातातला किडा काढणारी एक म्हातारी आणवली. म्हातारीनं तापलेल्या लोखंडावर तेल आणि भुईरिंगणीच्या बिया टाकल्या, नळीनं धूर माझ्या तोंडात सोडला आणि खाली पाण्याचं भांडं धरलं. पाण्यात पांढरे, बारीक तंतू तरंगायला लागले. "पाय, किडे!" आई म्हणाली. विज्ञान शिकवणारी मी, किडे नसतात हे मला माहीत होतं. तरी ते दिसत होते, आणि सूज चार-पाच दिवस उतरलीही.

मग सूज परत आली. त्या दिवसांत कोणाच्या घरी काय ऐकू येईल याचा भरवसा नव्हता, आणि आपण हिरड्या घेऊन बसलोय याचीच मला लाज वाटायची. म्हणून कोणाला न सांगता मी यवतमाळला दातांच्या डॉक्टरकडे गेले.

डॉक्टर माझ्याहून लहान होत्या. त्यांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. दातांभोवतीचं हाड खाली उतरलं होतं. किड्यांचं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ते बियांमधलेच तंतू असतात. जंतू एवढे बारीक, की डोळ्यांना दिसत नाहीत. आणि ते सगळ्यांच्याच तोंडात असतात."

"मग माझेच दात का?"

"जंतू हिरडीखाली साचले की शरीर त्यांना हाकलायला धावतं. तीच ही सूज. काहींचं शरीर थोडक्यात थांबतं. काहींचं थांबतच नाही, आणि मग जंतूंपेक्षा ही सूजच हाड जास्त खाते. हा स्वभाव बऱ्याचदा घराण्यातून येतो. आईचे दात लवकर गेले म्हणालात ना?"

"पण भाऊही तिचाच मुलगा आहे. त्याचा तर चेहराही तिच्यावर गेलाय. मी वडिलांसारखी, आणि त्यांचे दात शेवटपर्यंत होते."

"चेहरा एकाचा आणि हिरड्या दुसऱ्याच्या, असं होऊ शकतं," त्या म्हणाल्या. "भावालाही घेऊन या."

मी गोंधळूनच घरी आले. माझंच शरीर माझं हाड खातंय, तर ब्रश कशाला करायचा? पुढच्या खेपेला मी हे विचारलंच. जंतू कमी असतील तर शरीर कमी चिडेल, असं त्या म्हणाल्या. पटलं, तरी मन निवलं नाही.

भाऊ मोठ्या ऐटीत आला. "पाहा मॅडम, एकबी हालत नाही." डॉक्टरांनी तपासलं. कीटण भरपूर होतं, पण हाड जागच्या जागी होतं. माझा जीव चडफडला. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आणखी उघडा."

"एवढंच उघडते."

"कधीपासून?"

"तोंडच लहान हाये न मायं," तो हसला. त्या हसल्या नाहीत. त्याच्या तोंडात दोन बोटंसुद्धा नीट जाईनात. गालाच्या आतली कातडी पांढुरकी, ताठ झाली होती. खर्र्यातल्या सुपारीनं. तिखट त्याला झोंबायचं, घास लहान लहान लागायचे. आम्हाला वाटायचं, सवय असेल.

डॉक्टरांनी त्याला नागपूरला पाठवलं, मी सोबत गेले. गालाचा तुकडा तपासला; कर्करोग निघाला नाही. परतीच्या एसटीत तो म्हणाला, "दात चांगले असून काय कामाचे, ताई?"

माझे ते दोन दात गेले. बाकीचे हिरडीखालून साफ करून घेतले, दर काही महिन्यांनी करते, आणि ते टिकलेत. भावानं खर्रा सोडला, मध्ये धरला, पुन्हा सोडला. आइस्क्रीमच्या काड्यांची चवड दातांत धरून तोंड ताणायचा व्यायाम तो अजून करतो.

आता मुलीच्या हिरड्या लाल दिसतात. ती लहान असताना घास गरम आहे का, हे मी आधी आपल्या तोंडात घालून बघायची, मग तिला भरवायची. म्हणजे जंतूही माझेच आणि रक्तही माझंच? डॉक्टर म्हणाल्या, दोन्ही असेल. कोणतं किती, ते सांगता येत नाही. पण आमची आईही आम्हा दोघांना तसंच भरवायची. मग भावाच्या हिरड्यांना काही कसं झालं नाही? हे मी आईला विचारलं. "तो जेवायचाच कुठी?" ती म्हणाली. "सारा घास थुकून द्यायचा."

पुढच्या आठवड्यात मुलीला यवतमाळला नेणार आहे.