धार लावायचा दगड

सत्त्याऐंशी साल, मी अडुसष्ट वर्षांचा. महिनाभर तापानं पडून होतो. उठून बांधावर गेलो, तर कोयत्याला धार लावायच्या माझ्या दगडाला कुणी शेंदूर फासलेला. शेजाऱ्याची सून त्यावर कपाळ टेकून मूल मागत होती.

"अगं, ह्याच्यावर मी कोयता घासतो."

"आबा, असं बोलू नका, कोप होईल!"

कपाळ टेकलं होतं तेही घासून पडलेल्या खाचेतच. माणसाला गप्प बसणारा देव हवा असतो. आपणच मागायचं, आपणच हो म्हणायचं. माझा देव दिसत नाही, म्हणून त्याला रंगवता येत नाही.

"तुझी कूस ह्या दगडाला काय ठाऊक?" मी म्हणालो. ती रडली. रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नारळ घेऊन आली. तिच्यादेखत मी शेंदरावर पाणी ओतलं आणि कोयता घासायला बसलो.