बाजूचा चेहरा

माझ्या नवऱ्याची शोकसभा शुक्रवारी सकाळी ठेवली होती, तालमीच्या वेळेला, इथे आखातात, रुवीतल्या तालमीच्याच हॉलमध्ये. इथल्या मराठी मंडळाच्या नाटकांत त्याने एकवीस वर्षं कामं केली. पोस्टमन, डॉक्टर, हवालदार. आठवडाभर एसी दुरुस्तीवरचा सुपरवायझर आणि सुटीच्या शुक्रवारी कुणाचा तरी शेजारी.

त्याने गुरू मानलेला एक अमेरिकन नट होता. भेट नाही, पत्र नाही. तो नट आयुष्यभर रंगमंचावर आणि सिनेमात न्यायाधीश, न्हावी, हॉटेलचा कारकून, नायिकेचा काका असल्या भूमिका करत आला. चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा, नाव विचारलं तर सगळे गप्प. माझा नवरा त्याचे सिनेमे थांबवत थांबवत बघायचा आणि वहीत लिहायचा: 'न्हावी. बोलताना गिऱ्हाइकाकडे बघत नाही, आरशात बघतो.' असं काहीतरी तो आमच्या पोस्टमनमध्ये आणायचा. लोक हसायचे. आपल्याच वाक्याला हसले असं नायकाला वाटायचं.

त्या नटाला साठीनंतर एका छोट्या थिएटरात मुख्य भूमिका मिळाली. ही बातमी नवऱ्याने मला चहा पिताना दोनदा वाचून दाखवली. पुढच्या शुक्रवारी त्याने दिग्दर्शकाकडे नव्या नाटकातल्या बापाची भूमिका मागितली. मी डबा घेऊन दारात उभी होते.

"अरे बाबा, तू पुढे आलास तर मागे कोण उभं राहणार?" दिग्दर्शक म्हणाला. "तुझा चेहराच बाजूचा आहे. त्या अमेरिकेतल्या म्हाताऱ्याचं मला सांगू नकोस. यल्ला, चल, शेजारी, जागेवर!"

सगळे हसले. नवराही हसला. बाप दिग्दर्शकाने स्वतः केला. ते नवऱ्याचं शेवटचं नाटक.

शोकसभेच्या फलकावर त्याच नाटकाचा फोटो होता. मंडळाकडे त्याचा एकट्याचा एकही नव्हता, म्हणून समूहातून कापून घेतलेला. त्याच्या खांद्यावर दिग्दर्शकाचा हात तसाच राहिला होता, मनगटापर्यंत.

दिग्दर्शक माईकवर बोलला, "निगर्वी माणूस. एकवीस वर्षांत कधी भूमिका मागितली नाही. वहिनी, त्याची वही मंडळाला द्या. आपण कपाटात ठेवू."

मी माईकवर कधी बोललेली नाही. पण मी बसून राहिले असते, तर त्याचं सगळं काम त्या एका वाक्यात संपलं असतं. मी वही घेऊन उठले.

"त्याने मागितली होती," मी म्हणाले. "याच हॉलमध्ये."

"वहिनी, ही वेळ नाही."

"हीच वेळ होती. शुक्रवारची सकाळ."

"अहो, गंमत केली होती मी."

"त्याने केली नव्हती."

मग मी वहीची शेवटची अकरा पानं उघडली. भूमिका नाकारल्यावरही तो ती लिहीत राहिला होता. 'बाप. मुलगी घर सोडून जाते तेव्हा बोलत नाही. दाराची कडी नीट बसते का, एवढंच बघतो.' दिग्दर्शकाने त्या जागी रडून टाळ्या घेतल्या होत्या. आता तो बूट बघत होता.

मी अकराही पानं वाचली, सावकाश. मागे मांडलेला चहा निवला. मध्येच कुणीतरी खुर्ची सरकवली, तेव्हा मी थांबले आणि ते परत बसेपर्यंत वाट पाहिली.

वही मी घरी आणली.